नाडी मोजणारा छातीचा पट्टा: आठ महिने आणि दहा हिरवे दिवस

पट्टा घेण्यासारखा आहे, हे आधीच सांगते. त्याच्याबरोबरचं ॲप रोज सकाळी जो हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतं, त्यावरून मात्र मी आता सराव ठरवत नाही. आठ महिने हा पट्टा मी बांधते आहे. त्यातले जवळजवळ तीन महिने माझी तब्येत पार ढासळलेली होती, आणि त्यातल्या सगळ्यात वाईट दहा दिवसांत ॲपने मला सलग हिरवा रंग दाखवला. हे सगळं लिहायला बसले ते त्या दहा दिवसांमुळे.

मी स्पर्धेत लॅटिन नाचते. साम्बा, चा-चा-चा, रुम्बा, पासो डोब्ले, जाइव्ह, याच क्रमाने पाच नाच, प्रत्येक दीड-दोन मिनिटांचा, मधे धाप ओसरायच्या आत पुढचं संगीत सुरू. पुढच्या फेरीत गेलो की पुन्हा तेच पाच. अकरा वर्षं झाली नाचतेय, त्यातली चार आत्ताच्या जोडीदारासोबत.

आता वस्तूबद्दल. लवचिक कापडी पट्टा, आतल्या बाजूला दोन रबरी इलेक्ट्रोड, पुढे दोन टिचबटणांनी अडकणारी छोटी डबी, तिच्यात सीआर २०२५ जातीचा चपटा सेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे सगळे पट्टे एकाच तत्त्वावर चालतात आणि मला बोलायचंय ते त्या तत्त्वाबद्दल. मनगटी घड्याळ कातडीत प्रकाश सोडतं आणि त्यावरून रक्ताचा प्रवाह ओळखतं. हा पट्टा हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो. नाचणाऱ्यांना हा फरक फार जाणवतो. आमचे हात सतत फिरतात, मनगटं झटकली जातात, आणि जाइव्हमध्ये माझं घड्याळ तर नाडी सोडून पावलांचाच ताल मोजायला लागायचं. पट्ट्याने असं एकदाही केलं नाही.

पण सरावात नाडी किती वर गेली हे बघायला मी तो घेतला नव्हता. मला हवं होतं सकाळचं माप. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच तंतोतंत सारखं नसतं. श्वास आत घेताना नाडी किंचित धावते, सोडताना मंदावते. हा लगाम व्हेगस नावाच्या नसेच्या हातात असतो, आणि ही नस परानुकंपी मज्जासंस्थेची, म्हणजे शरीराला शांत करणाऱ्या, सावरणाऱ्या बाजूची. सरावाचा, जागरणाचा, काळजीचा ताण वाढला की सहसा हा चढउतार आखडतो. ॲप त्याचा एक आकडा काढतं, मिलिसेकंदांत. त्याला आरएमएसएसडी म्हणतात. दोन माणसांच्या आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. माझा ६० आणि जोडीदाराचा ९५ असला तरी आम्ही दोघंही ठणठणीत असू शकतो. बघायचं ते आपल्याच आकड्याकडे, रोज एकाच वेळी, एकाच स्थितीत.

माझं रोजचं असं चालतं. गजर वाजला की आधी उठून लघवीला जाऊन येते, कारण भरलेल्या मूत्राशयाने आकडा बिघडतो. मग इलेक्ट्रोडवर नळाच्या पाण्याचा ओला हात फिरवते. पट्टा गार लागतो, बरगड्या आत ओढल्या जातात. पाठीवर पडून राहते, दोन मिनिटं काहीच करत नाही, मगच मोजणी सुरू करते. फोन पालथा ठेवायचा. स्वतःच्या नाडीचा आलेख बघत पडलं की नाडी बदलते, हे मी अनेकदा पाहिलंय. गिळायचं नाही, खोकायचं नाही. एखादा ठोका पट्ट्याच्या हातून निसटला तर शेजारची दोन अंतरं एक होऊन जातात आणि आकडा फुगतो. चांगल्या ॲपने असा ठोका वगळायला हवा; माझं ॲप दर वेळी वगळत नाही. एके दिवशी अचानक १४० दिसलं, तेव्हा कच्चा आलेख उघडल्यावर नेमकी हीच गडबड सापडली.

पहिले नऊ आठवडे सगळं शिस्तीत होतं. आठवड्याला चौदा तास सराव, आकडा ५६ ते ६६ च्या दरम्यान, सकाळची नाडी ५२-५३. मोठी स्पर्धा जवळ आली तसे तास वाढले. सोळा, अठरा, आणि शेवटी बावीस. शिवाय पासो डोब्लेची अख्खी नवी रचना बसवायला घेतली. बाराव्या आठवड्यात आकडा चाळिशीत उतरला आणि ॲप पिवळं, मग लाल झालं. मी आमच्या प्रशिक्षक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्पर्धेआधी सगळ्यांचंच असं होतं गं. आठवडाभर काढ, मग आपण कमी करू." तेव्हा त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. थोडे दिवस ताणून मग सैल सोडायचं आणि पूर्वीपेक्षा वर यायचं, ही पद्धत खेळात जगभर चालते. पण आठवडा संपला तरी कमी काहीच झालं नाही.

चौदाव्या आठवड्यात आकडा वर यायला लागला. ६२, ७१, ८४, ९१. सकाळची नाडी ४६. ॲप हिरवं आणि खाली ओळ: तुम्ही उत्तम सावरला आहात, आज जोरदार सराव करा. मला इतका आनंद झाला होता की मी त्या पडद्याचा फोटो जोडीदाराला पाठवला.

त्याच दिवशी संध्याकाळी चा-चा-चामध्ये मी फॅन या स्थितीत उभी राहिले आणि पुढची आकृती अलेमाना आहे की हॉकी स्टिक, हे मला आठवेना. ती रचना आम्ही चार वर्षं नाचतो आहोत. झोपेतही पाय चालतील अशी. जोडीदाराचा हात समोर होता, त्याच्या बोटांचा दाब मला कळत होता, आणि त्या दाबाचा अर्थ लागत नव्हता. संगीत पुढे गेलं. त्याने हळूच विचारलं, "काय झालं?" आणि मला रडू फुटलं. मॅडम म्हणाल्या, "घाबरली आहेस तू. पुन्हा पहिल्यापासून." आम्ही पहिल्यापासून नाचलो. दुसऱ्यांदाही मी तिथेच थांबले.

पुढच्या दहा दिवसांत मी पहाटे तीनला टक्क जागी व्हायचे. रुम्बाचं संगीत लागलं की घसा दाटायचा. दुःख कसलंच नव्हतं. गिरक्या घेऊन थांबल्यावर जमीन थांबायची नाही; हे तर मी लहानपणी शिकत असतानाच सुटलं होतं. आणि जाइव्हच्या शेवटी एरवी १८६-१८८ वर जाणारी नाडी १७१ च्या वर चढेना. पाय शिशाचे, छातीत मात्र धडधड नाही. जणू गाडीचा ॲक्सिलरेटरच कुणी काढून ठेवला होता. ॲप रोज हिरवं.

जाइव्हची लय मिनिटाला ४२ ते ४४ बार, एका बारात चार ठोके, म्हणजे संगीताचे १६८ ते १७६ ठोके. एक ठोका सेकंदाच्या जेमतेम एक तृतीयांश इतका. यात जोडीदाराच्या हाताला प्रतिसाद द्यायला किंचित जरी उशीर झाला तरी प्रेक्षकाला दिसत नाही, पण हात हातात असलेल्याला लगेच कळतो. तो तीन दिवस सांगत होता, "तू हाताला उशिरा येते आहेस." पट्ट्याच्या कितीतरी आधी त्याने ओळखलं होतं.

नंतर सक्तीच्या विश्रांतीत मी वाचायला बसले, आणि माझे हिरवे दहा दिवस शास्त्राला चांगलेच ओळखीचे आहेत हे कळलं. २०१३ मध्ये ट्रायथलॉनच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुद्दाम जास्त सराव देऊन थकवलेल्या खेळाडूंच्या नाडीतला चढउतार कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. परानुकंपी बाजूचा जोर वाढलेला, विश्रांतीची नाडी खाली आणि जोर लावूनही कमाल नाडी वर जाईना. ही स्थिती आणि ताजंतवानं शरीर, दोन्हींचा सकाळचा आकडा एकसारखा दिसू शकतो. माझ्या ॲपचा हिशोब सरळसोट आहे: आकडा नेहमीपेक्षा खाली तर लाल, वर तर हिरवा. नेहमीच्या पट्टीच्या फार वर गेलेला आकडाही शंकास्पद असतो, हे त्याला माहीतच नाही. याला मी गंभीर दोष म्हणते. जोरात सराव करा असा सल्ला देणाऱ्या वस्तूला एवढं माहीत असायलाच हवं. ॲप बनवणाऱ्यांना मी सविस्तर लिहिलं, सोबत आलेखही पाठवले. उत्तर आलं की ॲप वैद्यकीय उपकरण नाही. मग सल्ला तरी देऊ नका ना.

डोक्याचं काय होत होतं, त्यावर २०१९ मधला एक फ्रेंच अभ्यास वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ३७ खेळाडू घेतले, त्यातल्या काहींचा सराव तीन आठवडे सरासरी ४० टक्क्यांनी वाढवला. मग एमआरआयमध्ये त्यांना पर्याय दिले: थोडे पैसे आत्ता, की जास्त पैसे नंतर. जास्त सराव केलेले 'आत्ता'कडे जास्त झुकले, आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या बाजूच्या भागातली हालचाल त्यांच्यात मंदावलेली दिसली. आवर घालणं, लांबचा विचार करणं, हे या भागाचं काम. तो भाग डोक्याने खूप काम केल्यावर दमतो हे आधी माहीत होतं. पाय दमवले तरी तोच दमतो, हे त्यात नवीन होतं. मी चौदा तासांवरून बावीसवर गेले होते, म्हणजे पन्नास टक्क्यांच्याही वर, आणि शिवाय नवी रचना पाठ करत होते. त्याच आठवड्यात जोडीदाराला न विचारता आणखी एका स्पर्धेत मी आमची नावं देऊन टाकली होती. त्याचं कारण हेच असं मी म्हणणार नाही. पण एरवी मी असं केलं नसतं, हे तो आणि मी दोघंही जाणतो.

पट्टा जे मोजूच शकत नाही ते इथे येतं. रुम्बाच्या सरावात माझी नाडी फार चढत नाही, म्हणून ॲपच्या लेखी तो हलका दिवस. पण नवी रचना बसवतानाचा दोन तासांचा रुम्बा मला जाइव्हच्या पाच फेऱ्यांपेक्षा जास्त पिळून काढतो. लक्षात ठेवणं, हाताचा दाब वाचणं, चेहरा, संगीत, आरशात स्वतःला पाहणं आणि मॅडमचा आवाज. हा सगळा भार मेंदूवर पडतो, आणि नाडी मोजून तो कळत नाही.

डॉक्टरांकडे मी पट्ट्याचे आलेख घेऊन गेले. त्यांनी ते शांतपणे पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "पाळी कधी आली होती?" दोन महिने आली नव्हती. स्पर्धेच्या गडबडीत मी ते मनावर घेतलं नव्हतं. रक्त तपासलं: थायरॉइड, शरीरातला लोहाचा साठा, जंतुसंसर्ग. अतिसराव झालाय हे सांगणारी एकच एक तपासणी नसते. बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढावी लागतात, हे त्यांनी समजावलं. युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडाशास्त्राच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१३ मध्ये एकत्र काढलेल्या निवेदनातही हेच म्हटलं आहे. काही दिवसांत भरून येणारा ताण, आठवडे ते महिने घेणारा ताण, आणि त्याहून लांबलेला खरा ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम, अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. माझी दुसरी पायरी होती. तिसरीवर गेलेल्यांना कधी कधी अख्खा हंगाम, क्वचित नाचच सोडावा लागतो.

पाळीचं उत्तर खाण्यात होतं. मी मुद्दाम उपाशी राहत नव्हते. सराव बावीस तासांचा करत होते आणि जेवत होते चौदा तासांच्या हिशोबाने. शरीराला ऊर्जा कमी पडली की मेंदूतला हायपोथॅलॅमस अंडाशयाकडे जाणारे संकेत आवरते घेतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जातुटीला रेड-एस असं नाव दिलं आणि ती पुरुषांनाही होते हे स्पष्ट केलं. अंगकाठीवर गुण मिळतात असं मनात धरून नाचणाऱ्या प्रत्येकीने हे वाचायला हवं. पाळी चुकणं ही मज्जासंस्थेकडून आलेली बातमी आहे, आणि ती कळायला कुठलाही पट्टा लागत नाही.

तीन आठवडे नाच पूर्ण बंद. चालणं, झोप, पोटभर जेवण. मॅडम नाराज होत्या. त्यांना मी १९९९ मधला एक अभ्यास वाचून दाखवला: व्यावसायिक बॅले नर्तिकांना उन्हाळ्यात सहा आठवड्यांची सुटी मिळाली आणि सुटीनंतर त्यांची ताकद आणि दमसास आधीपेक्षा वाढलेला भरला. त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. "आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही गं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातला एक दिवस सगळ्याच जोड्यांना सुटी लागली.

तेव्हापासून पट्ट्याशेजारी एक वही असते. त्यात सकाळी पाच गोष्टी लिहिते. आकडा आणि नाडी पट्ट्यावरून घेते, पण रंग बघत नाही. सात दिवसांची सरासरी काढते आणि ती माझ्या पट्टीच्या वर गेली तरी खाली गेल्याइतकीच दखल घेते. झोप किती आणि कशी. मन कसं आहे, एका शब्दात. फोनवर रंग बदलला की बोट टेकवायची साधी चाचणी, दहा वेळा. एरवी माझी सरासरी २६० मिलिसेकंदांच्या आसपास असते. प्रतिसाद मंदावणं ही अतिसरावाची लवकर दिसणारी खूण असू शकते, हा विचार क्रीडाशास्त्रात २००६ पासून मांडला गेलेला आहे, आणि आमच्यासाठी तर ती खूण थेट जोडीदाराच्या हातात उतरते. पाचवी गोष्ट माझी स्वतःची: जागेवर आठ गिरक्या घ्यायच्या, थांबायचं, आणि समोरची भिंत स्थिर दिसायला किती श्वास लागले ते लिहायचं. चक्कर दाबायला नर्तकांचा मेंदू वर्षानुवर्षांच्या सरावाने शिकतो. २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी बॅले नर्तिकांच्या लहान मेंदूत त्याच्या खुणा पाहिल्या. माझी ती शिकलेली गोष्ट थकव्यात सर्वांत आधी डळमळते, म्हणून तिला वहीत जागा.

या पाचांपैकी दोन बिघडल्या तर त्या दिवशी नवीन काही बसवायचं नाही. तीन बिघडल्या तर सुटी. जोडीदाराला वहीत लिहायची मुभा आहे. त्याने "उशीर" असा शब्द लिहिला की तो मी सहावी गोष्ट म्हणून धरते.

वापरातल्या बारीकसारीक तक्रारी. कापड घामाने कडक होतं, डबी काढून रोज साध्या पाण्यात हाताने धुवावं लागतं. पाचव्या महिन्यात डाव्या इलेक्ट्रोडला चीर गेली आणि ठोके गळायला लागले. कापडी भाग वेगळा मिळतो, डबी तीच चालते. कोरड्या अंगावर सिंथेटिक कपडे असले की घर्षणाने खोटे झटके नोंदले जातात, म्हणून घाम येईपर्यंतचे आकडे धरू नका. स्पर्धेच्या उघड्या पाठीच्या पोशाखाखाली तो घालता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फेरीतली माझी नाडी मला आजही माहीत नाही. जुने आलेख बघायला ॲप वर्षाची वर्गणी मागतं. माझी वही ते काम करते.

मोजणी, अचूकपणा, सेलचं आयुष्य यासाठी पट्ट्याला पाचपैकी साडेचार. ॲपला दीड, तेही कच्चा आलेख बघू देतं म्हणून.

माप घेताना छातीखालचा घेर श्वास सोडून मोजा आणि दोन मापांच्या मधे आलात तर लहान घ्या. कापड महिनाभरात सैल पडतं आणि गिरकीत पट्टा खाली घसरतो. मी आधी मध्यम घेतला होता. इलेक्ट्रोडला चीर गेली तेव्हा बदली पट्टा लहान मागवला, तो आता नीट बसतो.